लायब्ररी नव्या आवृत्तीवर नेताना

ऑक्टोबर २०२३ मध्ये पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं ३.१२ हे नवं रूप आलं. ते उतरवून घेऊन अनेकांनी आपलं रोजचं काम सुरू केलं आणि पहिल्याच पायरीवर अडले: डिस्टयुटिल्स नावाचं मॉड्यूल, म्हणजे कोडचा एक तयार भाग, सापडत नाही. त्यांच्या स्वतःच्या कोडमध्ये हे नाव कुठेच नव्हतं. ते होतं त्यांनी वापरलेल्या एखाद्या लायब्ररीत, किंवा त्या लायब्ररीने वापरलेल्या दुसऱ्या लायब्ररीत, इन्स्टॉल होताना चालणाऱ्या फाइलच्या वरच्या दोन-चार ओळींत. वर्षानुवर्षं पायथनसोबतच येणारं हे मॉड्यूल जाणार आहे, अशी सूचना २०२१ च्या ३.१० पासून दिसत होती. ३.१२ मध्ये ते खरंच गेलं.

असं झालं की कुणीतरी बसून ती लायब्ररी नव्या आवृत्तीवर चालती करतं. या कामाला पोर्टिंग म्हणतात. ओपन सोर्समध्ये, जिथे कोड सगळ्यांसाठी खुला असतो, हे 'कुणीतरी' म्हणजे कित्येकदा नोकरी सांभाळून रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी वेळ काढणारी एक-दोन माणसं असतात. लायब्ररी म्हणजे इतरांनी आयता वापरावा म्हणून लिहिलेला कोड. तारखा वाचणं, चित्राचा आकार बदलणं, डेटाबेसशी बोलणं, अशी कामं प्रत्येकाने पहिल्यापासून लिहीत बसू नये म्हणून तो असतो. तो ज्या भाषेत लिहिलाय ती भाषाच पुढे सरकली की लायब्ररीलाही सरकावं लागतं. नाहीतर तिच्या आधाराने उभे असलेले सगळे जुन्या आवृत्तीवर अडकून पडतात.

या कामाबद्दलचा एक समज मला नेहमी खटकतो. जुने शब्द काढले, नवे घातले, प्रोग्रॅम सुरू झाला की पोर्टिंग झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. कोड चालू लागणं आणि तो पूर्वी देत होता तेच उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मेहनत जाते ती दुसरीसाठी.

भाषा जुना कोड का मोडते

भाषा घडवणाऱ्यांना लोकांचा कोड मोडायची हौस नसते. पण भाषेतही सुरुवातीचे काही निर्णय चुकतात आणि त्यावर इतकं बांधकाम होतं की पाया दुरुस्त करायला वरचं हलवावंच लागतं. पायथन २ मध्ये ७ ला २ ने भागलं की उत्तर ३ यायचं, कारण दोन्ही पूर्णांक होते. तेच ७ च्या जागी ७.० आलं की उत्तर ३.५. म्हणजे सूत्र बरोबर असूनही, समोरच्याने आकडा कसा दिला यावर हिशेब बदलायचा. दुसरा आणि कितीतरी मोठा दोष होता मजकूर आणि बाइट यांच्या सरमिसळीचा, त्याकडे पुढे येतो.

हे दोष जुनं वागणं जसंच्या तसं ठेवून जाणार नव्हते. म्हणून ३ डिसेंबर २००८ रोजी पायथन ३.० आलं ते जाणूनबुजून जुन्याशी न जुळणारं. जुन्या बाजूची शेवटची मोठी आवृत्ती, २.७, २०१० मध्ये आली. तिची देखभाल २०१५ मध्ये थांबायची होती. लोक तयार नव्हते म्हणून ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. १ जानेवारी २०२० ला ती संपली आणि त्या एप्रिलमध्ये २.७.१८ हा अगदी शेवटचा रिलीज निघाला. अकरा वर्षांहून जास्त काळ एकाच नावाच्या दोन भाषा शेजारी-शेजारी नांदत होत्या.

इतका वेळ का लागला? कारण लायब्रऱ्या एकमेकींवर उभ्या असतात. तुमचा प्रोग्रॅम दहा लायब्रऱ्या वापरत असेल आणि त्यातल्या नऊ नव्या आवृत्तीवर आल्या असतील, तरी दहावी येईपर्यंत तुम्ही जागचे हलू शकत नाही. ती दहावी स्वतः अकरावीची वाट पाहत असते. या साखळीत जो जितका तळाशी, त्याच्यावर तितका भार. आकडेमोडीची नमपाय ही लायब्ररी २०१० च्या १.५ आवृत्तीत पायथन ३ वर आली आणि मग तिच्यावर उभ्या असलेल्या वैज्ञानिक लायब्रऱ्यांना वाट मोकळी झाली. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या जँगोने फेब्रुवारी २०१३ च्या १.५ मध्ये प्रायोगिक म्हणून पायथन ३ ला साथ दिली.

हे फक्त पायथनमध्येच घडतं असं नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पीएचपी या वेबसाइटच्या भाषेच्या ७ व्या आवृत्तीने मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणारी जुनी फंक्शनं काढून टाकली. २०१७ मध्ये जावाने आवृत्ती लिहायची पद्धत बदलली, १.८ नंतर थेट ९, आणि आवृत्तीतला दुसरा आकडा वाचून निर्णय घेणारा कोड गोंधळला.

पायथनमध्ये इतका मोठा उलथापालथीचा प्रसंग पुन्हा आलेला नाही. पण ३.९ पासून दरवर्षी ऑक्टोबरमध्ये नवी आवृत्ती येते आणि प्रत्येकीत थोडंफार काहीतरी जातं. २०१८ च्या ३.७ मध्ये 'असिंक' हा शब्द भाषेने स्वतःसाठी राखून ठेवला. सेलरी नावाच्या बऱ्याच वापरातल्या लायब्ररीत त्याच नावाचं एक मॉड्यूल होतं. एका रात्रीत ते नाव व्याकरणाची चूक ठरलं आणि त्यांना मॉड्यूलचं नाव 'असिंक्रोनस' असं करावं लागलं. त्यामुळे पोर्टिंग हे आता एकदाच करून संपणारं काम राहिलेलं नाही.

ओरडणारी चूक आणि गप्प चूक

पोर्टिंगला बसलं की चुकांचे दोन स्वभाव पटकन लक्षात येतात. काही चुका ओरडतात. पायथन २ मध्ये प्रिंट हा आदेश होता, ३ मध्ये ते फंक्शन झालं आणि कंस सक्तीचे झाले. कंस विसरलात तर प्रोग्रॅम सुरूच होत नाही, ओळ क्रमांकासह सांगतो. डिक्शनरीत, म्हणजे किल्ली आणि तिचं मूल्य अशा जोड्यांच्या साठ्यात, एखादी किल्ली आहे का हे विचारणारी 'हॅज-की' मेथड गेली. ती वापरली की लगेच एरर. अशा चुका कितीही असोत, त्रास कमी. त्या शोधून बदलणारं 'टू-टू-थ्री' नावाचं यंत्रच पायथनसोबत मिळायचं. हजार ओळींचा कोड ते काही क्षणांत बदलून द्यायचं.

भीती वाटावी अशा चुका गप्प असतात. प्रोग्रॅम चालतो, कुठेही लाल अक्षर दिसत नाही, आणि उत्तर वेगळं येतं.

भागाकार त्यातलाच. यादीचा मध्य काढायला कुणी लांबी भागिले दोन लिहिलं असेल तर तिथे निदान पुढे एरर येते, कारण यादीत साडेतीनावी जागा नसते. पण तेच उत्तर सरासरी म्हणून छापलं जात असेल तर कुणाला कळणारही नाही. राउंड फंक्शनचंही तसंच. पायथन २ मध्ये २.५ चं ३ व्हायचं, पायथन ३ मध्ये २ होतं, कारण बरोबर मधल्या आकड्याला आता जवळच्या सम आकड्याकडे नेलं जातं. ३.५ मात्र दोन्हीकडे ४. हिशेबाच्या लायब्ररीत हा फरक किती खोल जाऊ शकतो याचा विचार करा.

मॅप हे फंक्शन आधी तयार यादी हातात द्यायचं. आता ते मागाल तसं एकेक मूल्य देतं आणि एकदा देऊन झालं की रिकामं होतं. पहिल्यांदा त्यावर फिरलात तर सगळं बरोबर, दुसऱ्यांदा फिरलात तर शून्य नोंदी, तक्रार न करता. आणखी एक, जी मला सगळ्यात फसवी वाटते: एखादी वस्तू 'खरी' धरायची की 'खोटी' हे ठरवणाऱ्या खास मेथडचं नाव 'नॉन-झीरो' होतं, ते 'बूल' झालं. जुनं नाव तसंच राहिलं तर पायथन ३ ते वाचतच नाही आणि बहुतेक वेळा ती वस्तू कायम खरी मानतो. 'निकाल रिकामा असेल तर थांब' अशी ओळ लिहिलेली असते, ती चालते, आणि कधीच थांबत नाही.

आता मजकूर आणि बाइट. संगणक फाइलमध्ये किंवा नेटवर्कवर अक्षरं ठेवत नाही, ० ते २५५ मधले आकडे ठेवतो. हे आकडे म्हणजे बाइट. कोणत्या आकड्यांचं कोणतं अक्षर, हे एन्कोडिंग ठरवतं. 'पाणी' हा शब्द घ्या. सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडच्या हिशेबाने त्यात चार चिन्हं आहेत: प, काना, ण, दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून फाइलमध्ये हा शब्द बारा बाइटचा. पायथन २ ला या शब्दाची साधी स्ट्रिंग देऊन लांबी विचारली की तो बारा सांगायचा, कारण त्याच्या साध्या स्ट्रिंगमध्ये बाइटच असायचे. पहिली चार 'अक्षरं' मागितली तर एक पूर्ण 'प' आणि पुढच्या चिन्हाचा तुटका तुकडा हातात यायचा. पायथन ३ चार सांगतो. (वाचणाऱ्याला दिसतात दोनच अक्षरं. ती मोजायला आणखी वेगळी युक्ती लागते, पण निदान तुकडे तरी पडत नाहीत.)

पायथन २ मध्ये खऱ्या मजकुराचा वेगळा प्रकारही होता आणि दोन्ही प्रकार तो परस्पर मिसळू द्यायचा, जोपर्यंत सगळी अक्षरं इंग्रजी असत तोपर्यंत. त्यामुळे लेखकाच्या मशीनवर सगळं सुरळीत, टेस्टही पास. मग एके दिवशी कुणीतरी देवनागरीत नाव भरायचं आणि प्रोग्रॅम कोसळायचा. इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीत लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला हे यायचं. म्हणूनच पायथन ३ ने या दोहोंमध्ये भिंत घातली ते मला मनापासून पटतं, त्यापायी कितीही कोड बदलावा लागला तरी.

पण ही भिंत जुन्या लायब्ररीत बांधायची म्हणजे प्रत्येक चल उचलून विचारायचं: हा मजकूर आहे की बाइट? मूळ लेखकाने हे कधी लिहून ठेवलेलं नसतं, कारण त्याला ते ठरवायची गरजच पडली नव्हती. आणि इथेही गप्प चुका आहेत. पायथन ३ मध्ये बाइट आणि मजकूर जोडायला गेलात तर एरर येते, हे चांगलं. पण दोघांची तुलना केलीत तर उत्तर नुसतं 'समान नाही' असं येतं, दिसायला अक्षरं तीच असली तरी. डिक्शनरीत किल्ली बाइटची ठेवली आणि शोधताना मजकूर दिला, तर नोंद असूनही सापडत नाही. बाइटचा मजकूर करायला कुणी सरळ 'एसटीआर' फंक्शन वापरलं, तर एन्कोडिंग उलगडत नाही. पडद्यावर दिसणारं रूपच मजकूर बनतं, म्हणजे शब्दाच्या आधी 'बी' हे इंग्रजी अक्षर आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं. अशा नावाच्या फाइली डिस्कवर तयार झालेल्या दिसल्या, तर चूक कुठे आहे हे लगेच ओळखावं.

यावर चालणारा नियम एकच. उंबरठ्यावर बाइट उलगडून मजकूर करायचा, घरात सगळीकडे मजकूरच वापरायचा, आणि बाहेर पाठवताना पुन्हा उंबरठ्यावरच बाइट करायचे. फाइल उघडताना एन्कोडिंग स्पष्ट लिहायचं, नाहीतर ते मशीनच्या सेटिंगवरून ठरतं आणि तुमच्याकडे चालणारा कोड दुसऱ्याच्या विंडोजवर वेगळी अक्षरं दाखवतो. पायथन सुरू करताना 'वजा बी-बी' हा पर्याय दिला तर बाइट आणि मजकूर यांची तुलना होताच एरर येते. ज्यांना हा पर्याय ठाऊक नसतो त्यांचे कित्येक दिवस वाचू शकले असते.

काम सुरू कुठून करायचं

कोडला हात लावण्याआधी टेस्ट पाहायच्या. टेस्ट म्हणजे 'हे दिलं तर हे मिळालं पाहिजे' असं तपासणारे छोटे प्रोग्रॅम. पोर्टिंगमध्ये त्या जुन्या वागण्याच्या साक्षीदार असतात. नसतील तर आधी जुन्या आवृत्तीवरच लिहायच्या, कारण आज लायब्ररी काय उत्तर देते याची नोंद झाली नाही तर उद्या ते बदललं हे कळणार कसं? वर सांगितलेल्या जागांवर मुद्दाम बोट ठेवायचं: भागाकार, अर्ध्यावरचे आकडे, रिकाम्या याद्या, इंग्रजीखेरीज लिपीतला मजकूर. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो म्हणून टाळला जातो. माझ्या मते इथे घालवलेला प्रत्येक तास वसूल होतो.

मग जुन्या आवृत्तीवरच वॉर्निंग चालू करायच्या. पायथन एखादी गोष्ट काढण्याआधी साधारण दोन आवृत्त्या तरी सूचना देतो. पण ही सूचना लायब्ररीच्या आत उमटली तर एरवी दिसत नाही, कारण सामान्य वापरणाऱ्याला त्रास नको म्हणून ती लपवलेली असते. 'वजा डब्ल्यू एरर' दिलं की प्रत्येक सूचना एरर बनते आणि पुढच्या वर्षी काय मोडणार हे आजच कळतं.

आवृत्ती ओळखण्याच्या ओळी वेगळ्या तपासाव्या लागतात. २०२१ मध्ये ३.१० आलं तेव्हा आवृत्तीच्या मजकुरातली पहिली तीनच अक्षरं वाचणाऱ्या लायब्रऱ्यांना ते ३.१ दिसलं, आणि 'तुमचं पायथन फार जुनं आहे' असं त्या सांगू लागल्या. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे सीआयच्या, यामल फाइलीत ३.१० अवतरणचिन्हांशिवाय लिहिलं तर तेही दशांश आकडा समजून ३.१ होतं. शक्य तिथे आवृत्ती विचारण्यापेक्षा हवी ती गोष्ट आहे का हे पाहावं: नवं मॉड्यूल आणून बघायचं, नसेल तर जुनं आणायचं.

जुनी आणि नवी, दोन्ही आवृत्त्या एकाच कोडने सांभाळायच्या का, हा निर्णय लायब्ररी सांभाळणाऱ्याला, म्हणजे मेंटेनरला, घ्यावा लागतो. पायथन ३ च्या सुरुवातीला कल्पना अशी होती की कोड दोनच्या व्याकरणात ठेवायचा आणि यंत्राने तीनचा बनवून घ्यायचा. प्रत्यक्षात लोकांना एकच कोड दोन्हीकडे चालणारा हवा होता. त्यासाठी 'सिक्स' नावाची छोटी लायब्ररी आली, दोन गुणिले तीन म्हणून सहा. भाषेनेही दोन पावलं मागे घेतली. युनिकोड मजकुरापुढे लिहायचं 'यू' अक्षर ३.० मध्ये काढलं होतं, ते २०१२ च्या ३.३ मध्ये परत आणलं. बाइटमध्ये टक्क्याच्या खुणेने मूल्यं भरायची सोय २०१५ च्या ३.५ मध्ये परत आली. लायब्ररी सांभाळणाऱ्यांनी आपली अडचण नीट मांडली आणि भाषेने ती ऐकली, हे मला या सगळ्या कहाणीतलं फार मोलाचं वाटतं.

कधीतरी जुनी आवृत्ती सोडावीच लागते. तेव्हा पॅकेजच्या माहितीत 'किमान अमुक पायथन हवं' अशी ओळ लिहितात. लायब्रऱ्या इन्स्टॉल करणारं पिप हे साधन त्याच्या ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ च्या शेवटापासून, ही ओळ वाचतं आणि जुनं पायथन असलेल्याला आपणहून लायब्ररीची त्याच्याकडे चालणारी आधीची आवृत्ती देतं. ही सोय नसताना कोणत्याही लायब्ररीने जुनी साथ सोडली की जुन्या पायथनवाल्यांकडे न चालणारा कोड जाऊन पडायचा. याच ओळीत 'अमुक आवृत्तीच्या पुढे नको' असं कमाल बंधन घालणं मात्र टाळावं. पिप मग मागे शोधत जातं आणि बंधन नसलेली एखादी फार जुनी आवृत्ती आणून बसवतं.

लायब्ररीचा काही भाग सी भाषेत असेल तर काम वाढतं, कारण नव्या पायथनच्या आतली रचनाही बदललेली असते. सायथनने, म्हणजे पायथनसारख्या कोडपासून सी कोड बनवणाऱ्या साधनाने, तयार केलेला सी कोड लायब्ररीसोबत दिला असेल तर तो नव्या सायथनने पुन्हा तयार करावा लागतो. त्यानंतर प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टिमसाठी आधीच बांधलेलं पॅकेज, ज्याला व्हील म्हणतात, ते प्रसिद्ध करायचं. ते नसेल तर पिप वापरणाऱ्याच्या मशीनवरच सी कोड बांधायला जातं, तिथे सी कोड बांधणारा कंपायलर बहुधा नसतो, आणि शंभर ओळींची एरर पाहून नवखा माणूस आपलंच काही चुकलं असं समजून सोडून देतो.

हाती लागलेले बदल लहान तुकड्यांत द्यावेत. एका पॅचमध्ये, म्हणजे मेंटेनरकडे पाठवलेल्या बदलात, फक्त भागाकार, दुसऱ्यात फक्त फाइल उघडण्याच्या ओळी. त्याच हाताने जुन्या कोडची नावं सुधारावीत, रचना नीट करावी असा मोह होतो, तो आवरावा. तपासणाऱ्याला पोर्टिंगचा बदल कोणता आणि आवडीचा कोणता हे वेगळं काढता आलं नाही, तर पॅच महिनोन्महिने पडून राहतो.

पोर्टिंगचं काम आणखी एका जागी हलकं होतं, आणि तिथे लायब्ररी नुसती वापरणाऱ्यालाही हात लावता येतो. ऑक्टोबरच्या आवृत्तीची पहिली बीटा, म्हणजे चाचणीसाठी आधी दिलेली प्रत, मे महिन्यात येते. त्यानंतर नवं वैशिष्ट्य घातलं जात नाही, पण चुकून काही मोडलं असेल तर ते भाषेतच दुरुस्त व्हायला वेळ असतो. तुमचा प्रोग्रॅम बीटावर चालवून पाहा. मोडला तर कोणती लायब्ररी, तिची आवृत्ती, पायथनची नेमकी बीटा आणि चूक दाखवणाऱ्या मोजक्या ओळी एवढं मेंटेनरला कळवा. पाच ओळींत चूक पुन्हा घडवून दाखवता आली तर त्याचा अर्धा दिवस वाचतो. तो सीआयच्या फाइलीत नव्या आवृत्तीची ओळ वाढवतो, अवतरणचिन्हांत, आणि कोणत्या टेस्ट पडतात ते पाहायला बसतो.